कोरडी बाजू

“सोड पाणी,” आबा मेस्त्री म्हणाले, आणि दिगूने पंप चालू केला.

नवी लाकडी बोट खाडीत उतरवायच्या आधी तिच्या पोटात पाणी भरतात. बोट जमिनीवरच असते, ओंडक्यांच्या टेकूवर उभी. पाणी आत आणि माणसं बाहेर. मग खडू घेऊन बोटीभोवती फिरायचं आणि फळ्यांच्या सांध्यातून जिथे पाझर दिसेल तिथे खूण करायची. प्रत्येक सांध्यात कापसाचा पिळा ठोकून भरलेला असतो, वरून राळेचं लुकण असतं. कापूस कुणी कसा भरलाय ते या दिवशी सगळ्यांसमोर उघडं पडतं. आमच्या कारखान्यात बोटीची एक बाजू एकाने आणि दुसरी बाजू दुसऱ्याने भरायची रीत होती, त्यामुळे लपायला जागाच नसायची.

आमच्या कारखान्यात म्हणते खरी, पण तेव्हा मी तिथे कुणालाच नको होते. वायंगणकोंडच्या खाडीवर आबा मेस्त्रींचा तो कारखाना त्यांच्या आजोबांपासूनचा. त्यात कधी बाहेरचा माणूस शिकला नव्हता, बाई तर सोडाच. मी टिकमांची मंदाकिनी, जाळी विणणाऱ्याची मुलगी, मालवणला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून बसलेली. सरकारने छोट्या कारखान्यांसाठी शिकाऊ उमेदवारांची योजना आणली आणि उमेदवार ठेवल्याशिवाय नोंदणी नाही, असं आबांना सांगण्यात आलं. नोंदणी नाही म्हणजे मोठ्या बोटींची कामं नाहीत. आबांनी जिल्ह्याच्या साहेबाला विचारलं, “झील नाय काय खंयचो?” म्हणजे मुलगा नाही का कुठला. साहेब म्हणाला, या भागातून अर्ज हिचा एकटीचाच आहे. असं माझं स्वागत झालं.

मला वर्षभर भुसा भरायला, चहा करायला आणि लाकडं ओढायला लावलं होतं. मी साहेबाकडे तक्रार केली. साहेब आला, आबांना चार शब्द सुनावून गेला, आणि त्याचा परिणाम म्हणून भिवा कुबलांच्या बोटीची डावी बाजू कापूस भरायला माझ्याकडे आली. उजवी बाजू दिगूची. दिगू म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा, गोरागोमटा आणि कामाचा कंटाळा असलेला. बापलेक काम करताना एकमेकांशी कुजबुजायचे आणि मी जवळ गेले की गप्प व्हायचे. मला आबांनी दोनच शब्द शिकवले होते.

“घट्ट मार.”

मी मारलं. वर्षभराचा राग माझ्या मनगटात होता. मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, हाणायचे आणि प्रत्येक ठोक्याला कुणाचं तरी तोंड डोळ्यांसमोर आणायचे. आबा मागून जायचे, बोटाने सांधा दाबून बघायचे आणि म्हणायचे, “आणखी घट्ट.” मी पुन्हा पिळा घालून ठोकायचे. दिगू पलीकडे हलक्या हाताने टकटक करत बसलेला असायचा आणि मी मनात म्हणायचे, बस बाळा, पाणी भरू दे, मग कळेल.

तर पाणी भरलं. त्या दिवशी अष्टमी होती. दसऱ्याच्या सकाळच्या भरतीला बोट उतरवायची ठरली होती. भिवा कुबल आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींवर राबलेला माणूस, ही त्यांची स्वतःची पहिली बोट. ते बोटीभोवती असे फिरत होते, जणू मुलीच्या लग्नाचा मांडव बघतायत.

उजव्या बाजूला आबांचा खडू थांबेना. इथे ओल, तिथे थेंब, पुढे तर बारीक धार. डाव्या बाजूला मी खडू हातात घेऊन उभीच राहिले. एकही खूण करायला मिळाली नाही. माझी बाजू ठणठणीत कोरडी होती.

“आबा, ही बाजू कोणी भरल्यान?” कुबलांनी विचारलं.

“ह्या चेडवान.” आबांनी हनुवटी माझ्याकडे उडवली.

“आणि ती गळता ती?”

“दिगून.”

कुबल खो खो हसले. “मगे पुढच्या खेपेक दोनय बाजू चेडवाकच देवा!”

मला असा आनंद झाला की काय सांगू. मी दिगूकडे बघितलं, त्याचं पडलेलं तोंड मला बघायचं होतं. दिगू हसत होता. चिडून नव्हे, मजेत. मला ते खटकलं, पण आनंदाच्या भरात मी ते सोडून दिलं.

पाणी तसंच आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवमी. आमच्याकडे नवमीला सकाळी हत्यारं पुजतात आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. करवती, रंधे, वाकस, गिरमिटं, मोगऱ्या, सगळं धुऊन पुसून लाल कापडावर मांडलं होतं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, समोर समई. मला पूजेला बसू दिलं नाही, मी दारात उभी राहिले. नंतर वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार झालं. ते मात्र मला वाढलं.

जेवून मी हात धुवायला बोटीच्या मागे गेले आणि पायाखाली काहीतरी टोचलं. लाकडाचं बूच होतं. फळी ठोकल्यावर खिळ्याच्या डोक्यावर आम्ही छोटं लाकडी बूच बसवतो, म्हणजे खिळ्याला खारं पाणी लागत नाही. ते असं आपोआप पडत नाही. मी वर बघितलं. माझ्या बाजूच्या दोन फळ्यांवरची बुचं उडाली होती आणि खिळ्यांची डोकी बाहेर आली होती. मी फळीवर तळवा ठेवला. ती पोटात वायू धरल्यासारखी फुगली होती.

मी धावत उजव्या बाजूला गेले. कालच्या खडूच्या खुणा तिथेच होत्या, पण पाझर कुठे नव्हता. धार थांबली होती, थेंब थांबले होते. फळ्या सरळ होत्या.

तेव्हा मला समजलं. आश्विनाच्या उन्हात सुकलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. दिगूने सांध्यात फुगायला जागा सोडली होती. काल गळालं, आज लाकडाने स्वतःच फट बुजवली. मी जागाच ठेवली नव्हती. माझ्या फळ्यांना फुगायला बाहेरच जावं लागणार होतं, खिळे उपटत. उद्या समुद्राचं पाणी बाहेरूनही लागलं की आणखी दोनचार दिवसांत ती बाजू उसवणार होती.

आबा ओट्यावर पान लावत बसले होते. दिगू आणि दोघे कामगार शेजारी पसरले होते.

“आबा, डाव्या बाजूच्यो फळ्यो फुगल्यो. बुचा उडाली.”

“लाकूड हा. फुगतला.” त्यांनी पानाला चुना लावला.

“कापूस लय घट्ट झालो हा. तो काढूक व्हयो. उकरूची आकडी घेतंय.”

“आज नवमी. हत्यारा पुजलेली हत. दसरो होयसर हात लावूचो नाय.”

“उद्या सकाळी बोट पाण्यात जातली!”

“जातली.”

त्यांनी विडा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात घाबरणं नव्हतं, आश्चर्य नव्हतं. बोट त्यांची, नाव त्यांचं, आणि हा माणूस शांतपणे पान चघळत होता.

“तुमका ठावक होता,” मी म्हटलं. “तुमीच सांगल्यात, घट्ट मार म्हणान.”

“मी सांगलंय. तू ऐकलंस.”

दिगू पुन्हा तसाच हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू येत होतं आणि रडले असते तर त्यांना हवं ते मिळालं असतं. मी वळले, आत गेले आणि लाल कापडावरून सांधे उकरायची आकडी उचलली. तिच्या मुठीवरचं झेंडूचं फूल खाली पडलं.

कामगारांपैकी एक जण किंचाळलाच. दिगू धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. “ठेव ता! ठेव सांगतंय! पुजलेला हत्यार हा!”

“सोड.”

“कपाळ फुटलाहा तुझा! आमच्या कारखान्याची पिडा जातली नाय अशान!”

“दिगू, माझ्या हातात आकडी हा. सोड म्हणतंय तर सोड.”

त्याने सोडलं. मी बोटीखाली शिरले, तळाचं बूच काढून पाणी वाहू दिलं आणि डाव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या सांध्यात आकडी घातली. कापूस असा गच्च बसला होता की निघेना. माझंच काम मला पुरून उरलं होतं. पहिला पिळा ओढून काढला तेव्हा मागून कुबलांचा आवाज आला.

“ह्या काय चल्लाहा?”

ते उद्याच्या पूजेचे नारळ घेऊन आले होते. त्यांनी आधी ओल्या जमिनीकडे, मग माझ्या हातातल्या कापसाकडे बघितलं आणि नारळांची पिशवी तिथेच टाकली.

“अगो मेले, काल इतकी चांगली बाजू, ती फोडतंस? आबा! ह्या चेडवाक कोणी धरा!”

“मी सांगलंय तेका,” आबा ओट्यावरूनच म्हणाले. “ऐकणा नाय. पुजलेला हत्यार उचलल्यान. आयटीआयवाली मा ती!”

“कुबलानू, हंय हात लावा,” मी म्हटलं.

“काय हात लावू? उद्या मुहूर्त हा माझो!”

“एकदा लावा. मगे माका मारा.”

त्यांनी रागारागानेच फुगलेल्या फळीवर हात ठेवला. मासेमारी करणारा माणूस, लाकडावर आयुष्य काढलेला. त्यांचा हात तिथेच थांबला. मग ते न बोलता उजव्या बाजूला गेले, तिथे हात फिरवला, खडूच्या खुणा बघितल्या आणि परत आले. त्यांचा चेहरा बदलला होता, पण खात्री पटली नव्हती. कशी पटणार? एका बाजूला कालची आलेली पोर आणि दुसऱ्या बाजूला साऱ्या किनाऱ्याचा मेस्त्री.

“आबा, ही बाजू अशीच पाण्यात सोडली तर काय होयत?”

“काय होवचा नाय,” आबा म्हणाले.

संपलं, असं मला वाटलं. उद्या बोट उतरणार, चार दिवसांनी फुटणार, आणि दोष माझा. तोही खराच, कारण मोगरी माझ्याच हातात होती.

कुबल मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी आतल्या लाल कापडाकडे बोट दाखवलं. “हत्यारार हात ठेवन सांग.”

आबांचं चघळणं थांबलं.

“तू आताच सांगलंस, पुजलेला हत्यार. ठेव हात आणि सांग, ही बाजू टिकात म्हणान. मगे मी ह्या चेडवाक फरफटत भायर काढतंय.”

आबा उठले. आत गेले. कापडासमोर उभे राहिले. मला त्यांची पाठच दिसत होती. ते वाकले नाहीत. समईची वात तडतडली, दिगू काहीतरी बोलायला पुढे झाला आणि आबांनी हाताने त्याला मागे सारलं.

“फुटात,” ते म्हणाले.

कुबलांनी शिवी हासडली नाही. हासडली असती तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “तेच्यात माझे झील बसतले होते, आबा.”

“खाडीतच ठेवतलंय होतंय चार दीस. थंयच समजला असता.”

“कोणाक समजला असता? काय समजला असता?”

कुबलांनी नारळ गोळा केले. जाताना म्हणाले, “दसरो गेलो. कोजागिरीच्या भरतीक बोट उतरयतंय. आणि ही बाजू ह्या चेडूच भरतला. तुझो हात लागलो तर बघ.”

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. गावभर बोंब झाली की टिकमाच्या पोरीने पुजलेलं हत्यार उचललं. माझे बाबा सुद्धा म्हणाले, जा आणि आबांची माफी माग. मी मागितली नाही. कारखान्यात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, पाण्याचा हंडा सुद्धा मी आले की ते लोक आत नेऊन ठेवायचे. मी एकटीने सगळी बाजू उकरली, बोटांची सालं निघाली, आणि मग नवा कापूस घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की सैल म्हणजे किती सैल, हे मला माहीतच नाही. सांगणारं कुणी नव्हतं. मी उजव्या बाजूला जाऊन दिगूचे सांधे अंगठ्याने दाबून बघायला लागले. एकेक सांधा, किती आत जातो, कुठे अडतो.

“चोरतंस?” दिगू मागे येऊन उभा होता.

“शिकतंय.”

“कोण शिकयता तुका?”

“तू. हंय भरून ठेवलंस मा?”

तो वळून निघाला. पण जाताना मला त्याचा चेहरा प्रथमच नीट दिसला. त्याला आपल्या कामातलं काही कळत नव्हतं. बापाने सांगितलं तेवढं त्याने केलं होतं. मी सांधा दाबून हुंकार भरत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, मला काय कळलं असेल याचा विचार करत.

कोजागिरीच्या दुपारी बोट खाडीत गेली. पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी गळाली. कुबलांच्या मुलांनी बादल्यांनी पाणी उपसलं, पुन्हा आलं, पुन्हा उपसलं, आणि चौथ्या दिवशी आत हात फिरवला तर फक्त दमट लाकूड. डावी आणि उजवी, दोन्हीकडे सारखंच. कुबलांनी बोटीवरूनच मला हात जोडले.

आबा काठावर उभे होते. मी चिखलातून वर आले तसे ते म्हणाले, “उद्यापासून येव नको.”

“माझे सहा म्हयने बाकी हत.”

“शिकवूक काय उरला नाय.”

“काय शिकवल्यात?” मी ओरडले. “काय शिकवल्यात तुमी माका? खड्ड्यात घातल्यात! कित्याक? काय केलंय मी तुमचा?”

ते पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखे बोलले. आवाज खालीच होता, लांब उभ्या असलेल्या दिगूला ऐकू जाऊ नये म्हणून. “बापाशीन माका शिकवल्यान. मी दिगूक शिकवतंय. तो शिकणा नाय. सांगलंय तितकाच करता, पुढे तेका दिसणा नाय. आणि तू पाच दिवसांत अंगठ्यान दाबून शिकलंस. उद्या तू हंयच खाडीर कारखानो काढतलंस. मगे तेणा काय करूचा?”

“म्हणान माझा नाव घालवतलात होतात?”

“बंदरात एकदा नाव गेला की कोण परत मोगरी हातात देणा नाय. ता होया होता माका.” त्यांनी ते तसं सरळ सांगितलं, लाजही नव्हती आणि पश्चात्तापही नव्हता. “झाला नाय. आता जा. एका कारखान्यात दोन मेस्त्री रवनत नाय.”

त्यांनी मला मेस्त्री म्हटलं, हे मला घरी पोचल्यावर समजलं. त्या क्षणी मला फक्त राग आला होता. आज माझ्याकडे स्वतः शिकाऊ पोरं येतात, त्यांतली काही माझ्यापेक्षा चलाख आहेत, आणि मला आबांची भीती चांगलीच समजते. राग मात्र गेलेला नाही. जायचं काही कारणही नाही.

“दोन मेस्त्री रवनत नाय, मगे तुमी खंय जातल्यात?” मी त्यांना विचारलं.

ते वळून कारखान्याकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला कामावर गेले. फाटकाला आतून कुलूप होतं. मी हाक मारली नाही. वळसा घालून खाडीच्या बाजूला गेले आणि ओहोटीच्या चिखलातून, गुडघाभर रुतत, मागून कारखान्यात चढले. आबा एकटेच होते. नव्या बोटीचा तळाचा वासा ओंडक्यांवर मांडून त्याच्या उजव्या अंगाला उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“पाय धुवन ये,” ते म्हणाले. “लाकडाक चिखल लागतलो.”

मी पाय धुतले नाहीत. तशीच पुढे गेले आणि डाव्या बाजूला उभी राहिले.